बाभळीवरचा गोतावळा



आपल्या मराठीत या प्राण्याला दोन नावे आहेत. एक कोळी आणि दुसरे कातीण. कोळी म्हणजे जाळे टाकून भक्ष्य धरणारा. कातीण म्हणजे सूत कातणारी. एका नावात शिकार आहे, दुसऱ्यात कष्ट आहेत. जुन्या बायका अजूनही कातीणच म्हणतात. आज ज्या जातीची गोष्ट मी सांगणार आहे तिला हे दुसरे नाव अधिक शोभते, कारण तिच्या घरात कातणे, विणणे, शिकार करणे आणि लेकरे वाढवणे ही सगळी कामे बाईमाणसांकडेच असतात.

कातीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकटा जीव उभा राहतो. मुंडकोपनिषदात ऊर्णनाभीचा दृष्टांत आहे. ती आपल्याच अंगातून धागा काढते आणि आपणच तो आवरून घेते, तसे हे विश्व अक्षरातून निघते, असा त्याचा भाव. तिथेही ती एकटीच. आणि बहुतेक कोळ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. दोन कोळी एका डबीत ठेवा, सकाळी एकच उरेल. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती आज नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी कायम एकोप्याने, एका घरात, एका जाळ्यावर राहणाऱ्या जाती शोधू गेल्यास दोनतीन डझनही भरत नाहीत. त्या मोजक्या जातींपैकी एक आपल्या दख्खनच्या काटेरी माळावर राहते. म्हणून तिची ओळख करून घ्यायची.

आता तुमच्या शिवारातच चला. नांदेडकडे बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावरची बाभूळ, बोर, हिवर, नाहीतर जुन्या कुंपणाच्या वाळक्या काट्या जरा निरखून पाहा. फांदीच्या बेचक्यात मुठीएवढे, कधी नारळाएवढे, मळकट राखी रंगाचे एक गाठोडे लटकलेले दिसले, तर ते वावटळीने अडकवलेला कचरा समजून पुढे जाऊ नका. त्यात वाळका पाला असतो, धूळ असते, टोळांच्या तंगड्या आणि भुंग्यांची टरफले असतात, आणि हे सगळे रेशमाने घट्ट बांधलेले असते. आत बोळ असतात, गल्ल्या असतात. बाहेर आजूबाजूच्या फांद्यांवर फाटक्या पडद्यासारखी जाळी ताणलेली असतात. हे गाठोडे म्हणजे वस्ती. तिच्यात दहावीसपासून काहीशे माद्या एकत्र नांदतात. मादीची लांबी साधारण एक सेंटिमीटर. रंग मातकट करडा, अंगावर मखमलीसारखी लव.

शास्त्रज्ञ तिला स्टेगोडायफस सारासिनोरम म्हणतात. नाव अवघड आहे खरे, पण त्याच्यामागे इतिहास आहे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरचे पॉल आणि फ्रिट्झ सारासिन हे दोघे चुलतभाऊ होते. घरचे श्रीमंत, आणि निसर्गाभ्यासाचे वेड दोघांनाही सारखेच. १८८३ साली ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले आणि तिथे दोनतीन वर्षे हिंडून त्यांनी हत्तीपासून गांडुळापर्यंत सगळ्याचा अभ्यास केला. त्यांनी आणलेले कोळी बर्लिनच्या संग्रहालयात फर्डिनांड कार्श या पंडिताच्या टेबलावर गेले. कार्शने १८९२ साली त्यांचे वर्णन छापले आणि या जातीला त्या दोघा भावांचे नाव दिले. सारासिनोरम म्हणजे ‘सारासिनांचा’, आणि तेही अनेकवचनी. नावापुरते तरी भाऊ एकत्र राहिले. कुटुंब करून राहणाऱ्या जातीला नाव मिळाले तेही जोडीचे. कार्शने ते ठरवून केले असेल असे नाही, पण योग छान जुळला.

पुढे १९०० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले रेजिनाल्ड पोकॉक यांनी हिंदुस्थानातील विंचू आणि कोळी यांवर मोठा ग्रंथ काढला. आपल्या देशाच्या कोळ्यांचा पहिला भरीव खातेउतारा म्हणावा तो हाच. या घराण्यातील आणखी दोन जाती, मिरँडस आणि पॅसिफिकस, यांना नावे पोकॉकनीच १८९९ आणि १९०० साली दिली. पण हा ग्रंथ चाळताना एक गोष्ट ध्यानात येते. गावांची नावे वाचत जा: कोकणपट्टी, सह्याद्रीचे घाट, निलगिरी, सिलोन, ब्रह्मदेश. जिथे साहेबाचा बंगला, जिथे थंड हवेचे ठिकाण, जिथे जंगलखात्याचा अंमलदार हौशी, तिथून बाटल्या भरभरून लंडनला गेल्या. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग-इतिहास संस्थेचे सभासदही बहुधा याच वाटांनी फिरत.

आणि मराठवाडा? आपण त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली, बार्शीची छोटी गाडी लातूरला १९११ साली पोचली. पण बाभळीवरचे किडे गोळा करण्यासाठी त्या गाडीतून उतरणारा कोण होता? माझे म्हणणे असे की, जुन्या नकाशांवरचे ठिपके कोळ्यांचे म्हणून वाचू नयेत, ते गोळा करणाऱ्या माणसांचे म्हणून वाचावेत. नकाशावर जिथे जागा कोरी आहे तिथे प्राणी नाही असा अर्थ काढणारा फसतो. शाळेत नकाशा शिकवताना मुलांना हे जरूर सांगा, भूगोलाच्या तासालाही ते उपयोगी पडेल.

संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. लातूर तर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. या उलथापालथीशी कातिणीचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. संबंध असा की, संशोधनाची केंद्रे सरकारच्या पाठोपाठ येतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ साली सुरू झाले, त्याचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात १९५९ साली आले. तिथे काम केलेले बी. के. टिकादर पुढे या सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि १९८७ साली त्यांनी भारतीय कोळ्यांचे हस्तपुस्तक लिहिले. त्यात १०६७ जाती आणि ४३ कुळे आहेत. २००५ च्या यादीत जातींचा आकडा १४४२ वर गेला, आणि २०१२ साली अमरावतीच्या अभ्यासकांनी केलेल्या यादीत १६८६ जाती आणि ६० कुळे आली. पंचवीस वर्षांत सहाशेहून अधिक जाती वाढल्या. त्या काल जन्मल्या नाहीत. आजोबांच्या काळापासून इथेच होत्या, कोणी पाहिले नव्हते एवढेच. नांदेडला विद्यापीठ झाले ते १९९४ साली. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांत हे काम सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत.

पण सगळाच मान साहेबांना देऊन चालणार नाही. १९०५ साली एन. एस. जंबुनाथन या आपल्या देशी अभ्यासकाने याच सामाजिक कोळ्याच्या सवयींवर आणि जीवनक्रमावर निबंध लिहिला आणि तो अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने छापला. कार्शने बाटलीतला मेलेला प्राणी पाहून त्याचे डोळे आणि पाय मोजले. जंबुनाथन यांनी जिवंत वस्ती पाहिली: कोण केव्हा बाहेर पडते, भक्ष्य कसे ओढते, अंडी कुठे ठेवते. नाव ठेवणारा मोठा की घर पाहणारा मोठा, हा वाद मी घालत नाही. पण बाभळीखाली तासन्‌तास उभे राहणे सोपे नाही, हे तुम्ही जाणताच.

आता या घराण्याविषयी. शास्त्रात त्याला इरेसिडी म्हणतात. जगात या कुळाच्या सुमारे शंभर जाती आहेत. सर्वांत जास्त आफ्रिकेत, मग भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत आणि आशियाच्या कोरड्या पट्ट्यात. युरोपात याच कुळातला एक नर लालभडक असतो, पाठीवर काळे ठिपके. इंग्लंडात तो नामशेष झाला असे कित्येक वर्षे समजत होते. १९८० च्या सुमारास डॉर्सेट परगण्यात थोडे सापडले आणि तेव्हापासून तिथे त्याची राखण चालू आहे. भारतात या कुळाच्या जाती बोटांवर मोजण्याइतक्याच. पॅसिफिकस पश्चिमेकडे इराण-जॉर्डनपर्यंत जाते, टिबियालिस नावाची जात पूर्वेकडे ब्रह्मदेश आणि चीनपर्यंत, आणि हरियानातल्या हिसार गावाचे नाव मिळालेली एक जात १९९२ साली नोंदली गेली. म्हणजे पाहा, आपला देश या कुळाचे माहेर नाही. आफ्रिकेपासून पूर्वेकडे पसरलेल्या कोरड्या मुलखाच्या वाटेवरचे ते एक मोठे मुक्कामाचे गाव आहे. आपली सारासिनोरम मात्र भारत, श्रीलंका आणि नेपाळ अशी आपल्याच बाजूची. घनदाट जंगल तिला मानवत नाही. किनवट-माहूरच्या सागवानी रानापेक्षा बालाघाटाच्या उघड्या पठारावरचे काटेरी झुडूप तिला अधिक मानवणारे.

काटेच का, आणि कोरडे रानच का? याचे थोडे उत्तर तिच्या सुतात आहे. पावसाळ्यात शेताच्या कडेला चाकासारखे गोल जाळे विणणारे कोळी तुम्ही पाहता. त्यांच्या धाग्यावर चिकट द्रवाचे थेंब असतात. ओलसर हवेत तो गोंद उत्तम काम करतो, कोरड्या वाऱ्यात त्याचा जोर ओसरतो. आपल्या कातिणीच्या धाग्याला गोंद नाहीच. तिच्या मागच्या पायावर केसांची एक बारीक फणी असते. पोटाखालच्या चाळणीसारख्या पट्टीतून निघणारे अतिसूक्ष्म तंतू ती त्या फणीने विंचरून काढते, अगदी लोकर पिंजावी तसे. या पिंजलेल्या लोकरीत किड्याचे पाय आणि काटे असे गुरफटतात की सुटता सुटत नाहीत. उन्हाने ती वाळायची भीती नाही, म्हणून एकदा विणलेला पडदा बरेच दिवस चालतो. नवे जाळे रोज विणण्यापेक्षा जुन्याची डागडुजी करणे, आणि तीही पाचपन्नास जणींनी मिळून करणे, परवडते. आपल्याकडे इर्जिक घालतात ना, त्यातलाच प्रकार. एकटीने जे जमत नाही ते गावाने उरकायचे.

शिकारीतही तसेच आहे. एकटी कातीण आपल्याहून फार मोठ्या टोळाच्या वाटेला जात नाही. इथे टोळ धडपडू लागला की धागे हादरतात, आणि वस्तीच्या दारांतून एक, दोन, पाच अशा माद्या बाहेर पडतात. कोणी तंगडी धरते, कोणी मिशी. भक्ष्य जितके जोराने धडपडेल तितक्या जास्त जणी येतात. मग सगळ्या मिळून जेवतात. कोळ्याला चावून खाता येत नाही. तो पाचकरस सोडून भक्ष्य पातळ करतो आणि ओढून घेतो. म्हणजे इथे स्वयंपाकही एकत्र आणि ताटही एकच.

आता जरा कठीण गोष्ट सांगतो. या वस्तीत नर थोडे आणि माद्या पुष्कळ असतात, आणि लग्ने घरातल्या घरातच होतात. बाहेरचा नर क्वचितच येतो. अंड्यांची कोशाळी राखायला सगळ्याच माद्या असतात. आपले लेकरू, परके लेकरू असा भेद फारसा नाही. पिले बाहेर आली की माद्या आपल्या पोटातले अन्न पातळ करून त्यांच्या तोंडी लावतात. आणि शेवटी, देण्यासारखे काही उरले नाही की, पिले त्या माद्यांनाच शोषून घेतात. माद्या प्रतिकार करीत नाहीत. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्याला क्रौर्य म्हणणेही चूक आणि त्याग म्हणून आरती ओवाळणेही चूक. पिढीचे आयुष्य साधारण वर्षभराचे असते, आणि कोरड्या रानात पुढच्या पिढीला पहिली शिदोरी आईच्या अंगातूनच मिळते.

आफ्रिकेत या प्रजातीच्या आणखी दोन जाती, मिमोसारम आणि डुमिकोला, अशाच एकत्र राहतात. हांबुर्गचे ओटो आणि मार्गारेटे क्राउस या पतिपत्नींनी १९८८ साली सगळ्या प्रजातीची फेरतपासणी करून दाखवले की, या तिन्ही जातींनी हा एकोपा एकमेकींपासून घेतलेला नाही. तो तिघींकडे वेगवेगळा, आपापला उपजला. अलीकडे डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातील अभ्यासकांनी आंध्रातल्या कुप्पम भागात आणि तिरुवनंतपुरमच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील मंडळींनीही आपल्या सारासिनोरमचा अभ्यास केला आहे. आर्हुसकडच्या तपासणीत, २०१७ साली, असे दिसले की या तिन्ही सामाजिक जातींच्या आनुवंशिक द्रव्यात विविधता फारच तुटपुंजी उरलेली आहे.

याचा अर्थ शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सगळ्या शिवारात एकाच वाणाचे बी पेरले तर चांगल्या वर्षी रान एकसारखे डोलते. पण एखादा रोग त्या वाणाला लागू झाला की धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत सगळेच बसते. कातिणीचे तसेच आहे. नकाशावर पाहाल तर ती अर्ध्या देशभर पसरलेली. आत पाहाल तर हजारो वस्त्या, पण बी जवळजवळ एकच. पसरणे वेगळे आणि विविधता वेगळी. एकीच्या राहणीची किंमत तिने अशी मोजलेली आहे, आणि म्हणूनच पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात की कोळ्यांमधला हा सहजीवनाचा मार्ग फार लांब जात नाही. तो पुन्हापुन्हा सुरू होतो आणि मध्येच संपतो. नवी वस्ती बहुधा जुन्या शेजारीच, धाग्याचा पूल टाकून वाढते. कधी एखादी फळलेली मादी एकटीच दूर जाऊन नवे घर बांधते, आणि अशी एकटीची घरे बहुतेक बुडतात.

ही किंमत तिच्या तिच्यात होती तोवर ठीक होते. आता आपली भर पडते आहे. काट्यांची कुंपणे जाऊन तारेची आली. धुरे कोरून अरुंद केले, बाभळी सरपणाला गेल्या. कपाशी आणि सोयाबीनवरची फवारणी वाऱ्याने बांधापर्यंत जातेच. त्यातून गैरसमज आहेतच. अंगावर पाण्याचे फोड उठले की ‘कातीण मुतली’ म्हणायचे आणि दिसेल ते जाळे पेटवून द्यायचे. हे फोड बहुधा नागीण या रोगाचे असतात, नाहीतर रात्री दिव्याजवळ येणारा एक बारीक लांबट भुंगेरा अंगावर चिरडला गेल्याने उठतात. कातीण अंगावर मुतून फोड आणीत नाही. फोड आले तर डॉक्टरकडे जावे.

मात्र तिला ‘शेतकऱ्याचा मित्र’ अशी पदवी मी देणार नाही. हल्ली ती पदवी फार स्वस्त झाली आहे. तिच्या जाळ्यात टोळ सापडतो तशी मधमाशीही सापडते. ती आपल्या पिकाचा हिशेब ठेवून शिकार करीत नाही. धुऱ्यावर राहून बाहेरून येणारे-जाणारे किडे ती खाते, इतके खरे. तेवढ्यासाठीही ती फांदी राहू द्यायला हरकत नसावी.

शिक्षकांनी वर्गाला करण्याजोगे एक काम सांगतो. शाळेपासून चालण्याच्या अंतरातला एक धुरा निवडा. त्यावर काटेरी झाडे किती, गाठोडी किती, कोणत्या झाडावर, जमिनीपासून किती उंच, हे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी वहीत लिहा. गाठोडे फोडू नका, काठीने डिवचू नका. एखादी वस्ती ओस पडली तर तीही तारीख लिहा. शेजारच्या फांदीवर नवी दिसली तर तीही. गावाचे नाव, तालुका, साल ही नोंद विसरू नका, कारण नोंदीत गाव नसेल तर नकाशावर ठिपका कुठे द्यायचा? अशी वही दोन वर्षे चालली तर ती नांदेडच्या विद्यापीठातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला दाखवण्यासारखी होईल.

पाहायला जायचे ते दिवस मावळताना. दिवसा वस्ती झोपलेली असते, बाहेरून मेल्यासारखी. उजेड कमी झाला की एकेक जण दाराशी येते. बॅटरीचा झोत बाजूने, हळू धरा. थोडा वेळ स्तब्ध उभे राहिलात तर एखादी फाटक्या पडद्याच्या कडेला जाऊन बसेल आणि मागचा पाय पोटाखाली भराभर पुढेमागे करू लागेल. तीच ती फणी, आणि तेच पिंजण चालू झालेले असेल.